विचारा बाईंना : इनिश ईर बेट, ८४ हजार युरो आणि बोट चुकली तर काय?

मागच्या अंकात आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या इनिश ईर या बेटावर दोन पानं लिहिली होती. भाची गॉलवेला नर्स आहे, तिच्याकडे गेले तेव्हा जाऊन आले होते, म्हणून. वाटलं होतं, कोण वाचतंय, तर पत्रं आली, मेल आले, व्हॉट्सअ‍ॅपवर तर लोकांनी व्हॉइस मेसेज पाठवले, आणि संपादक म्हणाले की आता पुढचा अख्खा कॉलम याच प्रश्नांवर करा. ज्यांनी तो अंक पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: गॉलवेच्या आखाताच्या तोंडाशी अरान नावाची तीन बेटं आहेत, त्यातलं हे सगळ्यात लहान. इकडून तिकडे तीनेक किलोमीटर, वस्ती तीनशेच्या थोडी वर, घरात आणि दुकानात आयरिश भाषा, झाडं जवळपास नाहीतच, आणि पायाखाली सगळा चुनखडीचा कातळ. चला, सुरू करूया.

बाई नमस्कार, आमच्या फॅमिली ग्रुपवर फॉरवर्ड फिरतोय की आयर्लंड सरकार बेटावर राहायला येणाऱ्याला ८४ हजार युरो देतं. आमच्या धाकट्यानं फक्त बॅग भरायचीच बाकी ठेवलीय. यात खरं किती? — एक वाचक, साखळी

आकडा खरा आहे, बाकी गोष्ट अर्धी. जून २०२३ मध्ये आयर्लंड सरकारनं बेटांसाठी दहा वर्षांचं धोरण जाहीर केलं, कारण बेटं रिकामी होत चाललीत. पूल नसलेल्या सगळ्या बेटांवर मिळून आता जेमतेम तीनेक हजार माणसं उरलीत. त्या धोरणात एक तरतूद होती: दोन वर्षांहून जास्त काळ बंद पडलेलं घर दुरुस्त करणाऱ्याला जी ग्रँट देशभर मिळते, ती बेटांवर थोडी वाढवून द्यायची. नुसतं रिकामं घर असेल तर ६० हजार युरोपर्यंत, आणि पडायला आलेलं असेल तर ८४ हजारपर्यंत. झालं, जगभरच्या पेपरांनी हेडिंग दिलं की बेटावर या आणि पैसे घ्या, आणि तिथल्या अधिकाऱ्यांना खुलासे करत बसावं लागलं.

आता धाकट्याला एवढं वाचून दाखवा. आधी ते घर तुमच्या नावावर हवं, म्हणजे पदरचे पैसे घालून विकत घ्यायचं. घर २००७ पर्यंत बांधलेलं हवं. दुरुस्ती करायची, आणि मूळ योजनेप्रमाणे काम झाल्यावर तपासणी होऊन मग पैसे, म्हणजे तोवर खर्च तुमचा. घरात स्वतः राहायचं नाहीतर भाड्यानं द्यायचं, आणि पाच वर्षांच्या आत विकलं तर सगळी ग्रँट परत, दहाच्या आत विकलं तर पाऊण. आणि यात व्हिसाचा कुठं संबंधच नाही! ग्रँट घराला आहे, माणसाला देशात शिरायची परवानगी ही वेगळी खिडकी.

हां, आपल्या गोव्यात अर्ध्या वाड्यांत पोर्तुगीज पासपोर्टची फाईल चालू असते, तशी तुमच्याकडे असेल तर राहण्याचा प्रश्न बराचसा सुटतो कारण युरोपियन युनियनच्या नागरिकाला आयर्लंडमध्ये राहता येतं, काम करता येतं. (भारतीय नागरिकत्व जातं, ते घरी आधी बोलून घ्या.) पण तरीही बेटावर सिमेंटची गोणी बोटीनं येते, गवंडी बोटीनं येतो आणि हवा बिघडली तर तिकडेच बसतो. त्या हिशोबानं ८४ हजार कसे उडतात ते कळायचंही नाही. धाकट्याला म्हणावं आधी एक हिवाळा भाड्यानं राहून बघ.

तुम्ही लिहिलंत की सगळा कातळ आहे. मग गवत कुठून, बटाटे कुठून? आम्ही शेतकरी माणसं, हे डोक्यात शिरत नाही. — एक वाचक, पेडणे

भाऊ, हाच प्रश्न मला तिथं पोचल्यावर पहिला पडला होता. उत्तर असं की माती त्यांनी बनवली. अक्षरशः बनवली. आधी कातळावरचे सुटे दगड गोळा करायचे, मोठे बाजूला रचायचे, बारीक भेगांमध्ये ठासायचे म्हणजे वरचं खाली झिरपून जाणार नाही. मग किनाऱ्यावरून वाळू आणायची, समुद्राचं शेवाळ आणायचं, पाठीवरच्या टोपल्यांतून नाहीतर गाढवावरून, आणि थरावर थर घालायचे. वाळू, शेवाळ, जिथं कुठं खाचेत मूठभर माती सापडली ती, पुन्हा शेवाळ. असं पिढ्यान्‌पिढ्या. त्याच्यावर बटाटा आणि राय नावाचं धान्य घ्यायचे, रायचं काड घराच्या छपराला. ज्यांनी हे केलं ते बहुतेक खंडानं कसणारे लोक होते, जमीन मालकाची, आणि मातीच नसलेल्या जमिनीचा खंड मालकाला भरायचा. मला तर ऐकूनच संताप आला.

आणि ते बाजूला रचलेले मोठे दगड म्हणजे गडगे. तीन बेटांवर मिळून सुमारे २४०० किलोमीटर भरतील एवढे गडगे आहेत असं सांगतात. शेताची तुकडी आपल्या हॉलएवढी, तिला चारी बाजूंनी गडगा, मग पुढची तुकडी, तिलाही गडगा. दगड कुठेतरी ठेवायचे म्हणून, वारं अडवायला म्हणून, आणि गुरं राखायला म्हणून. यात चिखल नाही, चुना नाही, दगडावर दगड नुसता. मुद्दाम फटी ठेवलेल्या असतात, पलीकडचा उजेड दिसतो त्यातून. वारा फटींतून निघून जातो म्हणून गडगा उभा राहतो, गच्च बांधला तर एका वादळात आडवा होईल.

मी गेले तेव्हा गंमत बघितली. एका माणसाला गाय एका तुकडीतून दुसरीत न्यायची होती आणि त्या गडग्याला फाटकच नव्हतं. मी म्हटलं आता हा काय करतोय, तर त्यानं गडग्यातला एक ठराविक भाग, जिथं गोल गोल दगड रचलेले होते, तो हातानं खाली पाडला, गाय आत घातली, आणि परत एकेक दगड उचलून होता तसा गडगा लावून टाकला. पाच-सात मिनिटांत. लाकूड बेटावर नाही, लोखंड विकत आणावं लागतं आणि खाऱ्या वाऱ्यात गंजतं, तेव्हा फाटक हेच, दगडाचं. गाय पण शहाणी, उभी राहून बघत होती, तिला माहीत होतं कुठला भाग उघडणार ते.

पाण्याचंही तसंच. चुनखडीत पाऊस थेट खाली जिरतो, ओढा नाही, नाला नाही. म्हणून गुरांसाठी शेताच्या कोपऱ्यात उतरता काँक्रीटचा तुकडा करतात आणि त्याच्या पायथ्याशी हौद, पावसाचं पाणी घसरत हौदात. एवढा पाऊस पडणारं बेट आणि उन्हाळ्यात पाण्याची तंगी, हे आपल्याला काही नवीन नाही म्हणा.

गवताचं अजून एक. त्या कातळावर गुरं हिवाळ्यात चारतात, उन्हाळ्यात नाही. चुनखडी दिवसाची ऊब धरून ठेवते, जमीन कोरडी राहते, गुरांचे पाय चिखलात रुतत नाहीत. आणि गुरांनी हिवाळ्यात जाडं गवत खाऊन टाकलं की वसंतात बारीक फुलांना ऊन मिळतं. एप्रिल-मेमध्ये जेन्शियन नावाचं निळंशार फूल येतं, जे एरवी आल्प्सच्या डोंगरांत सापडतं, आणि त्याच कातळाच्या भेगांत, ओलाव्यात, हंसराज वाढतो. आपला हंसराज हो, पावसात विहिरीच्या चिऱ्यांत येतो तो, त्याचाच भाऊबंद. थंड डोंगरातलं फूल आणि उबदार हवेतला नेचा एकाच दगडात. वनस्पतिशास्त्रवाले त्यासाठी लांबून येतात.

तिथं साप आहेत का? (माझी बायको विचारते आहे.) — डिचोली

नाहीत. बेटावरच नव्हे, अख्ख्या आयर्लंडात रानातले साप नाहीत. लोक सांगतात सेंट पॅट्रिकनं हाकलले, पण खरं कारण हिमयुग. बर्फ वितळला, समुद्र वर आला आणि साप पोचायच्या आत वाट बंद झाली. समोरच्या किनाऱ्यावर, बरेनच्या भागात, सापासारखा दिसणारा एक बिनपायाचा सरडा मात्र आहे, तो १९७० च्या दशकात कुणीतरी आणून सोडलेला मानतात. वहिनींना सांगा निर्धास्त या.

बाई, मासळी कसली मिळते? आणि बांगडा आहे का? बांगडा नसेल तर मी येत नाही. — एक वाचक, वास्को

आहे! म्हणजे आपलाच नाही, त्याच घराण्यातला अटलांटिकचा. पाठीवर निळ्याहिरव्या वाकड्या रेघा, अंगानं लांबट, आणि तेल आपल्या बांगड्यापेक्षा जास्त. मी भाचीकडे तिरफळं घालून उडदामेथी केली, बरी झाली, पण रस्सा जड होतो, खोबरं कमी घाला.

पण ऐका, या बांगड्यानं त्या बेटांचा इतिहासच थोडा बदललाय. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पश्चिम आयर्लंड इतका गरीब होता की सरकारनं १८९१ मध्ये त्या भागासाठी खास मंडळ काढलं. त्या मंडळानं १८९२ मध्ये अरानला वसंतातली बांगड्याची मासेमारी सुरू करून दिली, बाहेरून मोठ्या बोटी आणल्या, मासळी गॉलवेला न्यायला आगबोटीची सोय केली. त्याआधी मासे नव्हते का? ढीग होते. पण पकडलेला मासा विकायला न्यायचा कसा, वाटच नव्हती. मासा सडायच्या आत बाजारात पोचला तरच त्याचे पैसे, नाहीतर तो फक्त घरचं जेवण.

घरच्यासाठी मासे मीठ लावून गडग्यावर वाळत घालायचे. आपलं पुरुमेंत, म्हणजे साठवणीचं सामान, पावसाळ्यासाठी, त्यांचं हिवाळ्यासाठी, एवढाच फरक.

होडीबद्दल पण दोघा-तिघांनी विचारलंय. तिला करख म्हणतात. लाकडी पट्ट्यांचा सांगाडा आणि त्याच्यावर डांबर फासलेला कॅनव्हास, पूर्वी जनावराचं कातडं. बस्स. इतकी हलकी की तीन माणसं उलटी करून डोक्यावर घेऊन चालत जातात, लांबून बघितलं तर सहा पायांचा काळा भुंगा चाललाय असं वाटतं. वल्ह्याला पातं नसतं म्हटलं तरी चालेल, नुसती निमुळती काठी, कारण त्या लाटांत रुंद पातं वाऱ्यानं आणि पाण्यानं हातातून खेचून घेतलं जाईल. दगडाला घासली तर फाटते. पण लाटेवर पिसासारखी चढते, आणि जिथं धक्का नाही तिथं थेट वाळूवर लावून उचलून नेता येते. आमच्या बेतूलच्या एका ओळखीच्या रापणकार मच्छीमाराला फोटो दाखवला तर म्हणाला, ह्या कापडाच्या पिशवीत मी पाय ठेवणार नाही.

मी दिवाडी बेटावरची. आमच्याकडे पूल हवा की नको यावर घराघरांत भांडणं आहेत. रात्री कुणी आजारी पडलं की फेरीची वाट बघायची. तिथं लोक काय करतात? आणि बेटं रिकामी होतात ती नक्की कशानं? — एक वाचक, दिवाडी

बाय, तुझ्या प्रश्नासाठीच हा कॉलम लिहायचा ठरवला म्हण.

आधी एका दुसऱ्या बेटाची गोष्ट सांगते, ग्रेट ब्लॅस्केट, आयर्लंडच्या केरी जिल्ह्यातलं (आपलं पेडण्याचं केरी नव्हे). किनाऱ्यापासून जेमतेम दोन किलोमीटर, समोरची घरं दिसतात इतकं जवळ. १९१६ च्या सुमारास तिथं पावणेदोनशे माणसं होती. या एवढ्याशा बेटावरच्या साध्या मच्छीमारांनी आणि बायाबापड्यांनी स्वतःची आयुष्यं आयरिशमध्ये लिहिली-सांगितली आणि त्यातलं काही पुढं कित्येक वर्षं तिथं शाळेत वाचायला होतं, म्हणजे बेट काही साधंसुधं नव्हतं. पण तरुण पोरं अमेरिकेला जायला लागली, एक गेला की तिकिटाचे पैसे पाठवून पाठच्याला बोलवायचा. पोरं कमी झाली तशी १९४१ मध्ये शाळा बंद पडली. शाळा गेली की लहान मुलांची घरं टिकत नाहीत. आणि होडी वल्हवायला दणकट माणसं लागतात, तीच संपत आली.

मग जानेवारी १९४७. चोवीस वर्षांचा एक मुलगा मेंदूज्वरानं आजारी पडला. हवा इतकी वाईट की डॉक्टर येऊ शकला नाही, पाद्री येऊ शकला नाही, बाहेर कळवायचं एकमेव यंत्र बंद. मुलगा गेला. समोर किनारा दिसत होता, दोन किलोमीटरवर. त्याच वर्षी एप्रिलमध्ये वादळानं पुन्हा वाट अडवली आणि बेटावरच्यांनी पंतप्रधान डी व्हॅलेरांनाच तार केली की खायला काही उरलेलं नाही, अन्न पाठवा. तेव्हा कुठं बोट आली. त्यानंतरही सरकारचं ठरता ठरता सहा वर्षं गेली, आणि १७ नोव्हेंबर १९५३ ला उरलेल्या बावीस जणांना समोरच्या किनाऱ्यावर हलवायला सुरुवात झाली. आज ती घरं बिनछपराची उभी आहेत, उन्हाळ्यात टुरिस्ट दिवसभर जातात आणि फोटो काढतात. १९६० मध्ये उत्तरेकडचं इनिशार्क पण असंच रिकामं केलं.

आता इनिश ईर समोरच्या किनाऱ्यापासून आठ-नऊ किलोमीटर आहे, म्हणजे ब्लॅस्केटपेक्षा कितीतरी लांब. तरी जिवंत आहे. अंतरानं बेट मरत नाही गं, न येणाऱ्या बोटीनं मरतं. इनिश ईरला सरकारी मदतीवर चालणारी बारमाही बोट आहे आणि बेटकऱ्यांना तिकीट कमी. आखाताच्या उत्तरेकडच्या कॉनेमाराच्या किनाऱ्यावरून आठ-दहा माणसांचं चिमुकलं विमान येतं, दहाएक मिनिटांत पोचवतं. नर्स बेटावरच राहते, डॉक्टर येऊन जातो. रात्री-अपरात्री काही झालं तर नर्स ठरवते आणि कोस्ट गार्डचं हेलिकॉप्टर येतं, नाहीतर मोठ्या अरान बेटावरची लाइफबोट. आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते म्हणजे बेटावर प्राथमिक शाळा आहेच, पण माध्यमिकसुद्धा आहे. वर्गात पोरं मोजकीच, पण बारा-तेराव्या वर्षी पोराला बाहेर ठेवायला लागत नाही, म्हणून आईबापही जात नाहीत. कुणी म्हणेल एवढ्या पोरांसाठी एवढा खर्च? म्हणू दे.

सगळं आलबेल आहे असंही नाही. धक्का लहान आहे, हवा बिघडली की बोट लागत नाही, ही तिथल्यांची वर्षानुवर्षांची तक्रार आहे. हिवाळ्यात बोटीच्या वेळा आणि हवामानाचा अंदाज याशिवाय बोलणंच नाही, दुकानात गेलात की "उद्या येणार का?" एवढंच, काय येणार ते सांगावं लागत नाही.

आणि पुलाचं विचारतेस, तर आयर्लंडमधलं सगळ्यात मोठं बेट अचिल, त्याला १८८७ मध्येच पूल झाला. व्हॅलेन्शियाला १९७० मध्ये. दवाखान्याची सोय झाली, सामान स्वस्त झालं, कुणी पूल तोडा म्हणत नाही. पण पूल झाला म्हणून अचिलची पोरं थांबली नाहीत, तिथली लोकसंख्या पुढंही घटतच गेली, कारण काम पुलापलीकडेच होतं. मला विचारशील तर तुमच्या भांडणात "पूल की फेरी" याच्या आधी "रात्री अकरानंतर आजारी माणसानं काय करायचं" हा प्रश्न सुटा करून मांडा. रात्रीची एक फेरी आणि धक्क्यावर उभी अँब्युलन्स याला पाच वर्षं आणि टेंडर लागत नाही.

ते प्रसिद्ध अरान स्वेटर. प्रत्येक घराण्याची विणीची नक्षी वेगळी असायची, म्हणजे बुडालेल्या माणसाचं प्रेत स्वेटरवरून ओळखता यायचं, असं मी वाचलंय. खरं? — एक विणकाम-वेडी, फोंडा

नाही हो. दुकानदारांना सोयीची गोष्ट आहे, दर दुकानात चार्ट लावलेला असतो की हे अमुक आडनावाचं, हे तमुक आडनावाचं, आणि टुरिस्ट आपलं आडनाव शोधत बसतो. (मी पण शोधलं. नाईक नाही.)

ही गोष्ट आली कुठून? जे. एम. सिंग नावाचा आयरिश नाटककार १८९८ पासून काही उन्हाळे अरानला जाऊन राहिला, मुख्यतः मधल्या बेटावर. त्याच्या १९०४ मधल्या एका एकांकिकेत बुडालेल्या भावाची ओळख पटते ती त्याच्या पायमोज्यावरून, बहिणीनं स्वतः विणलेला, टाके किती घातले आणि कुठं सुटले ते तिला आठवतं. पायमोजा! स्वेटर नव्हे, आणि घराण्याची नक्षी तर नव्हेच. त्याचं पुढं लोकांनी वाढवत वाढवत हे केलं. जाड पांढऱ्या लोकरीचा, पीळ आणि जाळीच्या नक्षीचा तो स्वेटर विसाव्या शतकातलाच, किनाऱ्यावरच्या इतर मच्छीमारांच्या स्वेटरांवरून बेटावरच्या बायकांनी आपल्या डोक्यानं वाढवलेला आणि विकायला म्हणून विणलेला. १९६० च्या दशकात क्लॅन्सी ब्रदर्स हे गाणारे भाऊ अमेरिकेत टीव्हीवर तो घालून उभे राहिले आणि मागणी इतकी वाढली की विणणाऱ्या पुरेनात.

मला विचाराल तर खरी गोष्ट जास्त आवडण्यासारखी आहे. प्रेतं ओळखायला नाही, घर चालवायला बायकांनी शोधलेला धंदा. पण ती चार्टवर छापली तर खपत नाही.

माझे यजमान तारवटी होते, म्हणून विचारते. तुमच्या लेखातल्या फोटोत किनाऱ्यावर गंजलेलं जहाज होतं, ते काय? — एक वाचक, मडगाव

ते प्लासी. (हो, आपल्या इतिहासाच्या पुस्तकातली प्लासी ती वेगळी.) मालवाहू जहाज, ८ मार्च १९६० च्या रात्री वादळात सापडून बेटाजवळच्या खडकावर आपटलं. बेटावरची माणसं अंधारात, त्या वाऱ्यात, दोर आणि रॉकेट घेऊन किनाऱ्यावर गेली. रॉकेटनं दोर जहाजावर टाकायचा, तो तिकडे बांधून घ्यायचा, मग त्या दोरावरून कप्पीला टांगलेल्या, खाली चड्डीसारखं कापड लावलेल्या गोल कड्यात एकेक माणसाला बसवून ओढून घ्यायचं. अकरा खलाशी, अकराही वाचले. ओढणारे सगळे साधे मच्छीमार-शेतकरी, सरावानं तयार झालेले. काही आठवड्यांनी दुसऱ्या वादळानं ते अख्खं जहाज खडकावरून उचलून किनाऱ्याच्या धोंड्यांवर आणून ठेवलं, लाटांच्या हद्दीच्या वर. अजून तिथंच आहे, भोकं पडलेलं, लाल. जानेवारी २०१४ च्या वादळात पुन्हा थोडं सरकलं, म्हणजे समुद्राचा त्याच्यावरचा हक्क अजून संपलेला नाही. नव्वदच्या दशकातल्या एका गाजलेल्या विनोदी टीव्ही मालिकेच्या सुरुवातीला ते दिसतं, त्यामुळे पोरं फोटो काढायला तिकडेच धावतात.

तुमच्या यजमानांना माझा नमस्कार सांगा, असतील तर. नसतील तर तुम्हाला.

देवधर्म कसा काय? — हरमल

कॅथलिक, आणि संतांवर जीव. बेटाचा संत म्हणजे केव्हॉन, त्याचं हजारेक वर्षांचं छोटं चर्च दफनभूमीच्या टेकाडावर आहे, पण लांबून दिसतच नाही, कारण ते वाळूत बुडालंय. वारा सतत वाळू आणून टाकतो. टेकाडावर चढलात की एकदम पायाखाली चौकोनी खड्डा, आणि खड्ड्यात चर्च, बिनछपराचं, दगडी खिडकीसकट. १४ जूनला संताचा सण असतो, त्याच्याआधी बेटकरी फावडी घेऊन आतली वाळू उपसून काढतात, मग तिथं उघड्यावर मास, म्हणजे प्रार्थनेचा विधी, होतो. पुढच्या वर्षी परत वाळू. कुणी कंटाळून "आता नवीन बांधूया" म्हणत नाही. वाळूनं झाकलेलं अजून काय काय असेल कोण जाणे, १८८५ मध्ये एका वादळानं वाळू उडवून नेली तर खाली कांस्ययुगातली दफनाची जागा निघाली होती.

मुलं घरी इंग्रजीच बोलत असतील ना? आपल्याकडे बघा, आजोबा मराठी, आई कोंकणी, नातू इंग्रजी. — एक निवृत्त शिक्षक, म्हापसा

सर, जखमेवर बोट ठेवलंत. तिथं घरात अजून आयरिश आहे, इंग्रजी सगळ्यांनाच येतं. पण एक गोष्ट त्यांनी हुशारीनं केलीय, भाषेला पोटापाण्याशी जोडलंय. उन्हाळ्याच्या सुट्टीत शहरातली शेकडो मुलं आयरिश शिकायला बेटावर येतात, कॉलेजं चालतात, मुलं बेटकऱ्यांच्या घरी राहतात, तिथल्या आईच्या हातचं जेवतात, सकाळी वर्ग, दुपारी समुद्र, रात्री नाच. इंग्रजी बोलताना वारंवार सापडला तर घरी रवानगी. त्या घरांना दोन पैसे मिळतात आणि घरातल्या पोरालाही कळतं की आजीची बोली फुकट नाही, तिच्यासाठी डब्लिनचे आईबाप फी भरतात. आपण भाषेसाठी मोर्चे काढले, मीही गेले, पण सत्तरी तालुक्यातल्या कुणाच्या घरात पणजी शहरातली पोरं तीन आठवडे ठेवून बघावीत हे आपल्याला सुचलं नाही. सुचलं तर मला कळवा, खोली देते.

जायचं असेल तर कधी, कसं? शाकाहारी माणसाचं काय? — दोन-चार वाचक, एकत्र करून

मे ते सप्टेंबर. जूनमध्ये रात्री दहा वाजेपर्यंत उजेड असतो, डिसेंबरमध्ये दुपारी साडेचारलाच अंधार आणि बोटींचा भरवसा नाही. आयर्लंड शेंगेनमध्ये नाही हे लक्षात ठेवा, पॅरिस-रोमच्या व्हिसावर तिथं घेणार नाहीत, आयर्लंडचा वेगळा काढावा लागतो. डब्लिनहून बसनं गॉलवे, आणि मग दोन वाटा. क्लेअर जिल्ह्यातल्या डूलिनहून बोट जवळची, पण ती साधारण वसंत ते शरद एवढीच. कॉनेमारातल्या रॉसाव्हीलहून लांबची, पण बारमाही. बेटावर सायकल भाड्यानं मिळते, घोडागाडी मिळते, आणि खरं तर चालतच सगळं होतं. मोटार नेऊ नका, नेता येणारही नाही. उन्हाळ्यातसुद्धा वाऱ्याचं जाकीट हवं, छत्री घरी ठेवा, पहिल्या वळणावर उलटी होते.

शाकाहाऱ्यांनो, बटाटा, ब्रेड, चीज, सूप. सूप कशाचं ते विचारून घ्या. लोणच्याची बाटली न्या, पण नीट बांधून, माझी बॅग अजून वास मारते.

आणि तिकीट काढताना परतीची शेवटची बोट किती वाजता आणि कुठल्या बंदराची, हे दोन्ही लिहून घ्या. डूलिनची आणि रॉसाव्हीलची बोट एकाच धक्क्याला लागतात, गडबडीत चुकीच्या बोटीत चढणारे दर उन्हाळ्यात निघतात म्हणे, आणि मग तुमची गाडी क्लेअरमध्ये आणि तुम्ही कॉनेमारात, मध्ये अख्खं आखात.